केबलवर मॅच नाही, पत्र्यावरच्या डिशवर आहे! दूरदर्शनचं हे कोडं नेमकं काय?

भारताचा टी-ट्वेंटी सामना दूरदर्शनवर दाखवणार असं जाहीर झालं की एक तक्रार हमखास ऐकू येते. गावाकडे मामाच्या पत्र्यावर दूरदर्शनची छोटी डिश आहे, तिथे सामना फुकटात दिसतो. शहरात भाच्याकडे केबल आहे, महिन्याच्या महिन्याला पैसे भरलेले आहेत, आणि तिथे दूरदर्शनची खेळाची वाहिनी लावली तर भलतंच काहीतरी चालू असतं. केबलवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: "वरूनच येत नाही, साहेब."

केबलवाला खरं सांगतोय. पण हे "वर" म्हणजे कुठे, आणि तिथून मामाकडे येतं ते भाच्याकडे का येत नाही, हे कळायला क्रिकेट बाजूला ठेवून बरंच मागे जावं लागतं. दूरदर्शनचा इतिहास आपण सहसा मालिकांच्या आठवणींतून सांगतो. मला तो वाटेच्या अंगाने पाहिला की जास्त उलगडतो. चित्र घरात कुठल्या वाटेने येतं, आणि ती वाट कुणाच्या ताब्यात आहे? एवढा एक प्रश्न हातात धरला की काय दाखवलं गेलं, कुठल्या भाषेत, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या धाकाने, हे सगळं त्यामागोमाग येतं. मामा-भाच्याचं कोडंही सुटतं.

## आधी नावांचा गुंता

दूरचित्रवाणी म्हणजे तंत्र, चित्र आणि आवाज लांबवर पोचवण्याची सोय. दूरदर्शन हे त्या तंत्रावर चालणाऱ्या एका संस्थेचं नाव. कित्येक वर्षं दुसरं काही नव्हतंच, म्हणून लोक घरातल्या खोक्यालाही "दूरदर्शन संच" म्हणायचे, जसं वनस्पती तुपाला डालडा. प्रसार भारती ही दूरदर्शन आणि आकाशवाणी या दोन्हींची पालकसंस्था, संसदेच्या कायद्याने बनलेली. कारभार कागदोपत्री तिचा. "कागदोपत्री" का म्हटलं, ते पुढे येईलच.

## पहिली वाट: दीपमाळेवरचा दिवा

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोग म्हणून सुरुवात झाली. आकाशवाणीच्या इमारतीतच उभारलेला कामचलाऊ स्टुडिओ, एक लहानसा प्रक्षेपक आणि आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम. प्रक्षेपक म्हणजे चित्राच्या लहरी हवेत सोडणारं यंत्र. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकीचे अवघड शब्द मी शक्यतो टाळतो. घरोघरी टीव्ही असण्याचा प्रश्नच नव्हता. युनेस्कोच्या मदतीने दिल्ली परिसरात सार्वजनिक संच ठेवले होते आणि लोक तिथे जमून पाहायचे. या अगदी सुरुवातीच्या मंडळींत निर्माते म्हणून आपले पु. ल. देशपांडेही होते. "दूरदर्शन" हे नाव मात्र अजून रुळायचं होतं. ती आकाशवाणीचीच एक शाखा होती.

१९६५ मध्ये रोजचं प्रसारण सुरू झालं. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीच्या आसपासच्या गावांसाठी "कृषी दर्शन" आलं. आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. म्हणजे देशातलं दुसरं टीव्ही केंद्र यायला तेरा वर्षं लागली. पैसा नव्हता, आणि गरीब देशात टीव्ही म्हणजे चैन असं मानणारे राज्यकर्तेही होते. पण आणखी एक अडचण होती, ती लहरींच्या स्वभावाची.

रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, रात्री तर शेकडो किलोमीटर. टीव्हीच्या लहरी तशा नाहीत. त्या उजेडासारख्या नाकासमोर चालतात. देवळापुढच्या दीपमाळेवरचा दिवा जिथून दिसेल तिथवरच त्यांचा टप्पा. मध्ये डोंगर आला की संपलं. डोंगर नसला तरी पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर दिवा क्षितिजाखाली जातोच. म्हणून टीव्हीचा मनोरा उंच लागतो आणि उंचावर लागतो. मुंबईचं चित्र सह्याद्री ओलांडून पुण्यात दिसावं म्हणून सिंहगडावर मनोरा उभारला, तो याच कारणासाठी. तिथे मुंबईचा कार्यक्रम घ्यायचा आणि त्याच क्षणी पुढे सोडायचा. याला निवेदिका "सहक्षेपण" म्हणायच्या. तो शब्द ऐकून मोठी झालेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे.

गच्चीवरच्या अँटेनाचं रहस्यही हेच. ती मनोऱ्याकडे तोंड करून असावी लागे. वारा आला, कावळा बसला, की पडद्यावर मुंग्या. मग एकजण वर, एकजण खिडकीत आणि एकजण टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" मनोऱ्याकडेच बिघाड झाला तर पडद्यावर "व्यत्यय" अशी पाटी यायची. तीही लोक निमूट पाहत बसायचे, कारण दुसरीकडे जायला दुसरी वाहिनी नव्हती.

दीपमाळेच्या या मर्यादेचा एक फायदा झाला, तो फारसा बोलला जात नाही. दिवा जेवढ्या टापूत दिसतो, तेवढ्या टापूसाठीच कार्यक्रम करायचा असल्यामुळे टीव्ही आपोआप स्थानिक राहिला. मुंबई केंद्राने मराठी नट, लेखक, गायक गोळा केले. "आमची माती, आमची माणसं" शेतकऱ्यांसाठी, "गजरा" करमणुकीसाठी, साडेसातला मराठी बातम्या. स्मिता पाटील पडद्यावर आल्या त्या आधी बातम्या देताना. या काळाच्या दर्जाचं श्रेय माणसांना आहेच, पण थोडं त्या सरळ रेषेत चालणाऱ्या लहरींनाही द्यायला हवं.

१ एप्रिल १९७६ ला टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला. दूरदर्शनचं बिऱ्हाड स्वतंत्र मांडलं गेलं ते तेव्हा, आणि मालक तेच राहिले: केंद्र सरकारचं माहिती व प्रसारण खातं.

## एका वर्षासाठी उसना आणलेला उपग्रह

या वेगळं होण्याच्या सुमारासच देशात एक विलक्षण प्रयोग चालू होता. १९७५ साली देशात जेमतेम सात शहरांत टीव्ही होता. दीपमाळा बांधत बसलो तर साऱ्या खेड्यांत पोचायला पिढ्या जातील, हे उघड होतं. मग दीपमाळ एकदम आकाशातच टांगली तर?

विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो. इतक्या उंचीवरच्या दिव्याला डोंगराची आडकाठी नाही आणि क्षितिजही फार लांब. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिलं होतं. १९७१ च्या डिसेंबरात ते गेले, पण काम थांबलं नाही. भारताकडे स्वतःचा असा उपग्रह नव्हता, म्हणून अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी मागून घेतला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसला. शाळेसमोर किंवा पंचायतीपुढे एक संच, आणि त्याच्या जोडीला खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे तीन मीटर रुंद छत्री. अहमदाबादला यशपाल यांच्या देखरेखीखाली हे चाललं. विषय शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळा.

वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. काही गावांत त्या संचांचं पुढे काय झालं असेल, याची कल्पना करून मला नेहमी चुटपुट लागते. पण थेट आकाशातून खेड्यात, मध्ये कुणी नाही, ही वाट चालते एवढं सिद्ध झालं होतं. दूरदर्शन त्या वाटेवर पुन्हा आलं ते अठ्ठावीस वर्षांनी.

## रोज एक मनोरा, आणि सगळीकडे दिल्ली

मधल्या काळात निवडली गेली ती तिसरीच, मधली वाट. कार्यक्रम दिल्लीहून उपग्रहावर चढवायचा, तिथून गावोगावच्या मनोऱ्यांनी तो उतरवून घ्यायचा आणि मनोऱ्याने आसपासच्या घरांना वाटायचा. धरणातून कालवा आणि कालव्यातून चाऱ्या, तसं.

१५ ऑगस्ट १९८२ ला देशभर एकाच वेळी दिसणारा "राष्ट्रीय कार्यक्रम" आणि रंगीत प्रसारण दोन्ही सुरू झालं. त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ होते आणि जगाला कृष्णधवल चित्र दाखवणं सरकारला नामुष्कीचं वाटत होतं. रंगीत टीव्हीचा सगळ्यात मोठा आग्रह धरणारे मंत्री होते विदर्भाचे वसंत साठे. "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला रंग सुचतात" ही टीका त्यांनी भरपूर ऐकली. एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह खेळांच्या आधीच, सप्टेंबरमध्ये निकामी झाला. १९८३ चा इन्सॅट-१बी मात्र टिकला आणि त्याच्या भरवशावर मनोऱ्यांचा सपाटा लागला. १९८४ साली काही महिने तर सरासरी दिवसाला एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता.

यातले बहुतेक मनोरे बुटके, एखाद्या शहरापुरते. त्यांच्यापाशी ना स्टुडिओ ना कलाकार. वरून आलेलं खाली सोडणे एवढंच त्यांचं काम. आणि वरून येत होती दिल्ली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत टीव्ही पोचला तो असा: घरात पहिल्यांदा टीव्ही आला आणि त्यावर मुंबईच्या आधी दिल्ली दिसली, मराठीच्या आधी हिंदी. मुंबईचा मराठी कार्यक्रम उपग्रहावर चढवून राज्यभर नेण्याची सोय नंतर झाली. तमिळनाडूत यावरून नाराजी होती, आपल्याकडे कुरकुर. दूरदर्शनने देश जोडला असं म्हणतात ते बरोबर आहे, पण तो कुठल्या भाषेत जोडला हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

पैशाचं गणितही याच वेळी बदललं. सुरुवातीला रेडिओ-टीव्हीसाठी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. जाहिराती दूरदर्शनवर १९७६ च्या जानेवारीपासून होत्या, पण त्यांना खरं बळ आलं प्रायोजित मालिकांनी. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली "हम लोग" ही त्यातली पहिली मोठी. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार करत, तो नमुना आपल्याकडे आणण्याचा तो प्रयत्न होता. लोकांनी उपदेश सोडून दिला आणि गोष्ट तेवढी घेतली. १९८७ च्या जानेवारीत "रामायण" आणि १९८८ च्या ऑक्टोबरात "महाभारत" आलं, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे.

## "ते दिवस सोन्याचे होते," असं नाही का?

काही कार्यक्रम खरोखर उत्तम होते. श्याम बेनेगलांनी ५३ भागांत भारताचा इतिहास उभा केला, तो आजही पाहवतो. पण रस्ते ओस पडण्यामागे दर्जाइतकंच आणखी एक कारण होतं: दुसरं काही नव्हतंच. गावात एकच खानावळ असली की तिच्यापुढे रांग लागतेच. त्या रांगेवरून आमटीची चव ठरवता येत नाही. रांगेचा खरा हिशेब शेजारी दुसरी खानावळ निघाल्यावर होतो. ती १९९१ ला निघाली.

## वाट हातातून गेली

१९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्ध पंचतारांकित हॉटेलांतल्या डिशवर थेट दिसलं. त्याच वर्षी परदेशी उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या भारतावर बरसू लागल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी आली. गल्लीतल्या एका हुशार मुलाने गच्चीवर मोठी डिश लावायची आणि तिथून झाडांवरून, खांबांवरून वायर ओढत घरोघरी न्यायची. झाली केबल. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही. कायदा ब्रिटिशांच्या वेळचा, १८८५ चा टेलिग्राफ कायदा. प्रसारणाचा हक्क सरकारचा असं तो म्हणत होता खरा, पण परदेशातून सोडलेली लहर आकाशातून खाली येताना अडवणार कशी?

सरकारने १९९५ ला केबलसाठी कायदा केला आणि त्यात एक कलम घातलं: दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या केबलवाल्याने दाखवल्याच पाहिजेत. हे कलम लक्षात ठेवा, मॅचच्या वेळी लागणार आहे. दूरदर्शनने आपल्याही वाहिन्या वाढवल्या. १९९४ ला मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, तीच पुढे सह्याद्री. पण आता शहरी घरातली वाट केबलवाल्याच्या हातात होती. दूरदर्शन त्याच्या वायरीतून येणारं एक बटण झालं.

## आकाश कुणाचं? एका मॅचमुळे लागलेला निकाल

१९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कपचे प्रसारणहक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन आणि सरकार यांनी हरकत घेतली: लहरी सोडायच्या तर आमच्या परवानगीने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठीच व्हावा आणि त्यासाठी सरकारपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक संस्था हवी.

गावच्या गायरानाचं उदाहरण घ्या. गायरान सरपंचाच्या मालकीचं नसतं आणि सर्वांत जास्त गुरं असणाऱ्या पाटलाचंही नसतं. सांभाळण्यासाठी ते कुणाच्या तरी ताब्यात द्यावं लागतं, पण त्या ताब्याला गावाच्या हिताची अट असते. लहरींबद्दल न्यायालय हेच म्हणत होतं.

## मग दूरदर्शन सरकारी की सार्वजनिक?

दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोळ होतो. सरकारी वाहिनी आजच्या सत्ताधाऱ्यांची. सार्वजनिक वाहिनी पैशाने जनतेची, आणि त्यामुळे सत्ताधारी व विरोधक दोघांपासूनही सारखंच अंतर राखून असणारी.

दूरदर्शन सरकारी होतं तेव्हा काय व्हायचं याचा नमुना ६ फेब्रुवारी १९७७ चा. आणीबाणी शिथिल झाली होती, निवडणूक तोंडावर होती. दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि नुकतेच काँग्रेसमधून बाहेर पडलेले जगजीवनराम यांची सभा. त्याच संध्याकाळी दूरदर्शनने "बॉबी" लावला. लोक घरी बसावेत म्हणून, असं सगळ्या दिल्लीला वाटलं. मैदान तरीही भरलं.

जनता सरकारने मग बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. १९७८ च्या त्यांच्या अहवालाने आकाशवाणी-दूरदर्शन सरकारपासून तोडून एका स्वतंत्र न्यासाकडे द्यावं असं सुचवलं. त्यावर १९७९ ला आलेलं विधेयक सरकारबरोबरच बारगळलं. १९९० ला प्रसार भारती कायदा संसदेत मंजूर झाला आणि सात वर्षं कपाटात पडून राहिला. तो अमलात आला सप्टेंबर १९९७ मध्ये आणि प्रसार भारती २३ नोव्हेंबरला प्रत्यक्ष उभी राहिली. विरोधात असताना स्वायत्तता हवी आणि सत्तेत आलं की घाई कसली, हा खेळ कुठल्या एका पक्षाचा नाही.

कायदा वाचला तर वाईट नाही. अध्यक्ष आणि सदस्य निवडण्यासाठी उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती अशी समिती आहे. देखरेखीला बावीस खासदारांची समिती आणि लोकांच्या तक्रारींसाठी वेगळं प्रसारण मंडळ अशी तरतूदही आहे. शेवटच्या या दोन गोष्टी कागदावरच राहिल्या. शिवाय सरकारला निर्देश देण्याचे अधिकार आहेत, आणि नियम करताना सरकारची मंजुरी लागते.

खरी मेख मात्र पैशात आहे. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत कामावर असलेले कर्मचारी कायद्याने सरकारी सेवकच मानले जातात, प्रसार भारतीत प्रतिनियुक्तीवर आलेले. पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर. मुलाने चूल वेगळी मांडली, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, पण किराण्याचं बिल अजून वडील भरतात. अशा घरात मोठ्या निर्णयांच्या वेळी वडिलांचा आवाज चढणारच. २०२४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर डीडी न्यूजच्या बोधचिन्हाचा लाल रंग भगवा झाला, तेव्हा प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनीच जाहीर टीका केली, तर संस्थेने हा निव्वळ नव्या रूपाचा भाग असल्याचं सांगितलं. खासगी वाहिनीने रंग बदलला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. इथे वाद झाला, कारण त्या रंगावर आपला सर्वांचा हक्क आहे.

## "बीबीसीलाही जनताच पैसे देते. मग तिथे कसं जमतं?"

हा आक्षेप रास्त आहे. फरक पैसा येण्याच्या वाटेत आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणारं घर थेट परवाना शुल्क भरतं आणि ते बीबीसीसाठी ठरलेलं असतं. शुल्काची रक्कम सरकारच ठरवतं, त्यामुळे दबाव तिथेही येतो आणि वाद तिथेही होतात. पण दर वर्षी अर्थसंकल्पाकडे हात पसरावा लागत नाही. आपण परवान्याची पद्धत बंद केली. तेव्हा ती सर्वांना सुटका वाटली, मलाही वाटली असती. स्वतंत्र उत्पन्नाची एक नळी मात्र त्याच वेळी कापली गेली.

## पुन्हा स्वतःची वाट

१६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं. आजचं नाव डीडी फ्री डिश. उपग्रहावरून थेट घराच्या छतावर, मध्ये ना मनोरा ना केबलवाला. खेड्यांतला १९७५ चा तोच प्रयोग, फक्त तीन मीटरच्या जाळीऐवजी परातीएवढी डिश. एकदाच डबा आणि डिश विकत घ्यायची, महिन्याचं भाडं शून्य. आज चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे.

यातली गंमत कमाईत आहे. फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिन्यांबरोबर खासगी वाहिन्याही दिसतात. त्या तिथे फुकट नाहीत, जागेसाठी लिलावात बोली लावून पैसे मोजतात. एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. स्टँडवरच्या गाड्या सगळ्याच भरून जात नाहीत, पण स्टँड मोक्याच्या जागी आहे, म्हणून तिथल्या गाळ्यांना भाडं येतं. फ्री डिशच्या गाळ्यांतून प्रसार भारतीला वर्षाला शेकडो कोटी रुपये मिळतात. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. पैसे देऊन पाहणारा ग्राहक फुकटाकडे वळेल ही भीती होती. खेड्यांतला प्रेक्षक हातचा गेल्याचं लक्षात आलं आणि २०२० मध्ये त्या परत आल्या. मालिका बनवण्यात दूरदर्शन कधीच मागे पडलं असेल, पण वाटेचा मालक म्हणून ते आजही भल्याभल्यांना वाकवतं.

## आता मॅचकडे

जानेवारी २००७. वेस्ट इंडिज संघ भारतात, पहिला एकदिवसीय सामना नागपूरला. प्रसारणहक्क घेतलेल्या खासगी कंपनीने दूरदर्शनला थेट चित्र द्यायला नकार दिला आणि ज्यांच्याकडे फक्त दूरदर्शन होतं त्यांचा सामना बुडाला. संतापाची लाट उसळली, सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि त्याचाच कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सामने हक्कदाराने प्रसार भारतीला थेट द्यायचे, स्वतःच्या जाहिराती वगळून. दूरदर्शनवर जाहिरातींचं जे उत्पन्न होईल त्यातले ७५ टक्के हक्कदाराला, २५ टक्के प्रसार भारतीला.

आता ते १९९५ चं केबलचं कलम आठवा. दूरदर्शनच्या वाहिन्या केबलवर सक्तीच्या. म्हणजे गरिबांसाठी म्हणून घेतलेलं चित्र दूरदर्शनवरून आपोआप केबलच्या प्रत्येक घरात फुकट जाऊ लागलं. हक्कदार म्हणाले, "आम्ही हजारो कोटी मोजायचे, आणि ज्या ग्राहकाकडून ते वसूल करायचे त्यालाच तुम्ही फुकट वाटणार?" वाद न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्कदारांचं म्हणणं मान्य केलं. २००७ च्या कायद्याने मिळालेलं चित्र दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डिश कंपन्यांना द्यायचं नाही.

म्हणून मामाकडे सामना आणि भाच्याकडे भलतंच काहीतरी. मामा दूरदर्शनच्या वाटेवर आहे, भाचा दुसऱ्याच्या. आयपीएल या यादीत का नाही, हेही लोक विचारतात. सरकारने जाहीर केलेल्या यादीत क्रिकेटचे आहेत ते मुख्यतः देशाच्या संघाचे सामने, क्लबांची स्पर्धा त्यात नाही.

## "पण आता दूरदर्शन बघतंय कोण? विकून टाका की"

शहरात बसून हा प्रश्न सोपा वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून "रामायण" पुन्हा लागलं आणि १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचा दावा दूरदर्शनने केला. तो चमत्कार होता आणि चमत्कारावर धोरण ठरत नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्रीवर लागलेली "टिलीमिली", पहिली ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी. ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, तिथे शाळा टीव्हीवर आली. जाहिरातदाराला या मुलांत रस नसतो. खासगी वाहिनी त्यांच्यासाठी सकाळचे तास राखून ठेवणार नाही, आणि त्यासाठी तिला दोष देण्यातही अर्थ नाही.

"मग तेवढंच ठेवा, डीडी न्यूज कशाला?" याला माझ्याकडे पटकन देता येईल असं उत्तर नाही. आरडाओरडा न करता वाचलेल्या बातम्या मला आवडतात. सरकारला अडचणीचा प्रश्न तिथे किती वेळा विचारला जातो हे पाहिलं की तीच आवड गळून पडते.

## पुढची वाट

जुने मनोरे आता बहुतेक बंद झाले. साधारण चौदाशे प्रक्षेपकांपैकी सीमेलगतचे आणि मोक्याचे असे पन्नासेक ठेवून बाकीचे २०२२ पर्यंत थांबवण्याचं प्रसार भारतीने ठरवलं. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात फ्री डिशचे आठ लाखांहून अधिक डबे मोफत द्यायचं ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये "वेव्ह्ज" नावाचं मोबाइल ॲपही आलं. ॲपची वाट मात्र मोबाइल कंपनीच्या डेटातून जाते. म्हणजे १९९१ नंतर केबलवाल्याच्या वायरीत होतं, तसंच दूरदर्शन पुन्हा दुसऱ्याच्या रस्त्यावर.

त्यावर एक उतारा शोधणं चालू आहे. मनोऱ्यावरून सोडलेलं चित्र इंटरनेटशिवाय थेट मोबाइलमध्ये उतरवण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि कानपूर आयआयटी यांनी केल्या आहेत. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. फोन बनवणाऱ्यांना ती नको आहे, आणि मोबाइल कंपन्यांनाही, कारण डेटा न खर्चता कुणी मॅच पाहिली तर त्यांचं नुकसान. ते जमलं तर दीपमाळ परत पेटेल. फक्त या वेळी "आलं का?" विचारायला गच्चीवर कुणी चढलेलं नसेल.